लालमियाँचे साडेपाच किलोमीटर

आत्ता या क्षणी लालमियाँचाचा घरात आहेत की नाहीत, हे मला माहीत नाही. रात्रीचा एक वाजून गेलाय. जालन्यात पाऊस संथ पडतोय, राजूरच्या बाजूला किती असेल सांगता येत नाही. चाचा एकटे राहतात. त्यांच्या घराला आतून कडी आहे, बाहेरून काही नाही. वाटेल तेव्हा उठून ते निघू शकतात.

स्वानंद, माझा नवरा, झोपायला जाताना म्हणाला, "तू जागी राहून त्यांना झोप लागणार आहे का?" खरं आहे. पण गेले अकरा दिवस डोळे मिटले की मला पाणी दिसतं, आणि त्या पाण्यातून सरळ चालत जाणारी चाचांची पाठ. म्हणून ते कोण आहेत ते लिहून काढते. काय करायचं ते कदाचित लिहिता लिहिता ठरेल.

शेख लालमियाँ हे माझे कुणी नात्यातले नाहीत. माझे वडील शरदचंद्र बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते आणि चाचा त्यांच्या हाताखाली मैलकुली. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. पूर्वी रस्त्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका माणसाच्या ताब्यात देत. खड्डा पडला की मुरूम टाकायचा, साइडपट्टीचं गवत काढायचं, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्यांत अडकलेला गाळ उपसायचा, दगडांना चुना लावायचा. चाचांच्या ताब्यात निंबखेड्याच्या अलीकडचे साडेपाच किलोमीटर होते. तो रस्ता बाहत्तरच्या दुष्काळात झाला. तेव्हा चाचा बावीस वर्षांचे, खडी फोडायला आलेले. मैमूनाचाची तिथंच घमेली वाहत होत्या. चौदा नंबरच्या मोरीवर दोघांची ओळख झाली आणि त्याच वर्षी निकाह. "लोकांचं लग्न जमवायला मध्यस्थ लागतो, आमचं दुष्काळानं जमवलं," असं चाचा सांगायचे आणि चाची पदराआड हसायच्या.

दिवाळीला ते आमच्या घरी मोसंब्यांचं पोतं घेऊन यायचे आणि बैठकीत खुर्ची असताना उंबऱ्याजवळ बसायचे. बाबा रागवायचे. मग चाचा खुर्चीच्या अगदी काठावर बसायचे, बस पकडायची असल्यासारखे. बाबा म्हणत, नकाशा चुकेल पण लालमियाँ चुकणार नाही. लहानपणी मला हे वाक्य पाठ होतं. मी मोठी झाले, बी.एस्सी. झाले, एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले, बाबा गेले, तरी ते वाक्य तसंच राहिलं. मी ते कधी तपासून पाहिलं नाही.

आता त्या दिवसाचं.

आमच्या धाकटीचा, गंधालीचा, जन्म सातव्या महिन्यातला. तेव्हा सासूबाई बोलून बसल्या होत्या की पोर जगली तर सगळं घर राजूरच्या गणपतीला पायी जाईल. पोर जगली, नऊ वर्षांची झाली, आणि नवस तसाच राहिला. अंगारकीला जालन्याहून राजूरचा रस्ता माणसांनी फुलून जातो, पाय ठेवायला जागा नसते. मला गर्दीची भीती वाटते, म्हणून मी साधी संकष्टी निवडली, भाद्रपदातली. पंचवीस-सव्वीस किलोमीटर. पहाटे पाचला निघालो. मी, स्वानंद, अकरावीतली भार्गवी आणि गंधाली. दिवसभर मोबाइल बंद ठेवायचे, ही स्वानंदची अट. भार्गवी म्हणाली, "बाबा, हा नवस आजीनं बोललेला नाही, हा तुम्ही घुसवलाय."

आठ वाजता पाऊस सुरू झाला आणि नऊपर्यंत असा लागला की शेजारचा कापूसही दिसेना. डांबराच्या कडेला पाय पडला की काळी माती चपलेला धरायची, आणि दहा पावलांत चपलेचं वजन दुप्पट. गंधाली गाणं म्हणत होती, मग तीही गप्प झाली. साडेदहाला निंबखेड्याच्या अलीकडं पोचलो तर नळकांडी पुलावरून पाणी चाललेलं. दोन टेम्पो आणि एक एसटी थांबलेली. कुणीतरी म्हणालं, दोन-तीन तास काही खरं नाही.

तिथून हाकेच्या अंतरावर चाचांचं घर. गावाच्या अलीकडं, रस्त्याला लागून, एकटंच. पूर्वी ती रस्त्याच्या लोकांची अवजारं ठेवायची कोठी होती, मग खात्यानं सोडून दिली आणि चाचांनी धरून ठेवली. चाची तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हा मी मयतीला आले होते, तेही रात्री, त्यानंतर नाही. मी दार वाजवलं.

"कोण? रजनी बेटी?" त्यांनी मला लगेच ओळखलं. पांढरी दाढी, अंगात खाकी सदरा, इस्त्री केलेला. "या, या. आरं जावईबापू, भिजून पार मुरूम झाला तुमचा."

चूल पेटलेली होती. त्यांनी आम्हाला चहा दिला, पोरींना टॉवेल दिला, गुळाची ढेप फोडून दिली. सगळं नीट. मी हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर स्वानंद मला पुन्हा पुन्हा विचारत होता की तुला काहीच कसं कळलं नाही. काही कळण्यासारखं नव्हतं. एकच गोष्ट होती. त्यांनी चहा ओतला तेव्हा एक कप जास्तीचा भरला आणि दाराच्या बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. मी समजले, एसटीतल्या कुणाला असेल.

गंधालीनं विचारलं, "चाचा, हा रस्ता तुमचा होता म्हणे. म्हणजे तुमचाच?"

"माझाच. साडेपाच किलोमीटर. सरकारनी निस्तं डांबर दिलं."

"मग टोल का नाही घेतला?"

"घेतला ना. तुझ्या आजोबाकडून दर दिवाळीला एक धोतरजोडी."

भार्गवीला त्यांनी कोपऱ्यातली काठीला गुंडाळलेली लाल झेंडी दाखवली. काम चालू असलं की एक माणूस ती घेऊन पुढं उभा राहायचा. रामप्रसाद नावाचा त्यांचा जोडीदार होता. एका ट्रकवाल्यानं झेंडी पाहिली आणि थांबला नाही. "तवापासून," चाचा म्हणाले, "लाल दिसलं की माझा पाय आपोआप थांबतो. भोकरदनच्या बाजारात एकदा एका बाईचं लाल लुगडं बघून थांबलो, तर मैमूनानं आठ दिवस बोलणं सोडल्तं."

पोरी खूप हसल्या. पाऊस मात्र कमी होईना. मी म्हटलं, परत फिरावं का? चाचा उठले आणि काठी घेतली.

"परत कशाला? जुन्या रस्त्यानं नेतो ना. ह्यो नवा रस्ता खालून काढला, तिथं पाणी येणारच. जुना उंचावरनं जातो. आजवर कधी बुडला न्हाई. चौदा नंबरची मोरी ओलांडली की निंबखेडा. तिथनं राजूर सरळ हाय."

स्वानंद माझ्या कानात म्हणाला, "मोबाइल चालू करून एकदा मॅप बघू का?"

आणि मी हसले. मी म्हटलं, "लालमियाँचाचा बरोबर असताना मॅप? बाबा वरून रागवतील."

हे माझं वाक्य. बाकी कुणावर ढकलता येत नाही.

घराच्या मागून जुना रस्ता निघत होता. दोन्ही बाजूंनी बाभळी आत झुकलेल्या, डांबराला भेगा, भेगांतून गवत. पण चालायला पक्का. काळ्या चिखलातून आल्यावर तो टणकपणा पायांना फार बरा वाटला. चाचा पुढं, त्यांचं बोट धरून गंधाली, मग भार्गवी, मग आम्ही दोघं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण चाल अशी की आम्हीच मागं पडत होतो. मधूनच ते काठी डांबरावर आपटायचे, आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं.

बाभळींच्या बोगद्यात पावसाचा आवाज बदलला. वर धो धो आणि खाली, आमच्याजवळ, जवळजवळ शांत. पक्षी नाही, गुरं नाहीत. मागच्या एसटीचा हॉर्न एकदा ऐकू आला, मग तोही नाही.

"राम राम रामप्रसाद," चाचा डावीकडं बघून म्हणाले. "घमेलं उचल रे बाजूला, पोरगी हाय बरोबर."

डावीकडं कुणी नव्हतं. गंधालीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी तिला नजरेनं सांगितलं, राहू दे. म्हातारी माणसं बोलतात असं. माझे बाबाही शेवटी शेवटी बोलायचे.

थोडं पुढं गेल्यावर चाचा एकदम थांबले आणि हात आडवा केला. "बाजू व्हा, बाजू व्हा. साहेबांची राजदूत येऊन राह्यली."

आम्ही बाजूला झालो. खरंच झालो. चौघंही साइडपट्टीवर, बाभळीच्या काट्यांत पाठ घुसवून उभे. त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की स्वानंदनंही भार्गवीला आत ओढलं. रिकाम्या रस्त्यावर पाऊस पडत होता. चाचांनी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं सलाम केला आणि काहीतरी जात असावं तशी मान हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडं फिरवली.

मग हसून म्हणाले, "छोटी रजनी बी बसली मागं. दोन वेण्या घालून. झोप लागली वाटतं बापाच्या पाठीवर."

मी त्रेचाळीस वर्षांची बाई, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. बाबांकडं तेव्हा राजदूत मोटरसायकल होती. शाळेच्या सुट्टीत मी मागं बसून त्यांच्याबरोबर कामावर जायची, दोन वेण्या घालून, आणि परत येताना त्यांच्या पाठीवर झोपून जायची. आणि झोपेत असं कुणी आपल्याला पाहिलंय, हे मला माहीत नव्हतं.

तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. पण मी काय केलं, तर मागं वळले आणि राजदूत जिकडं गेली असती तिकडं बघत राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. अर्धा मिनिट असेल. बाभळींच्या टोकाला उजेडाचा एक ठिपका होता आणि मला वाटलं की तो हलतोय. स्वानंद माझ्याजवळ आला, म्हणाला, "रजनी, ठीक आहेस ना?" मी हो म्हणून पुढं पाहिलं तर थोड्या अंतरावर बाभळी संपत होत्या, आणि चाचा, गंधाली आणि त्यांच्या मागून भार्गवी उघड्यावर बरंच पुढं गेले होते.

आम्ही भराभर निघालो. रस्त्यावर पाणी होतं, घोट्याएवढं. त्यात काही विशेष नव्हतं, त्या दिवशी सगळ्याच रस्त्यांवर पाणी होतं. पाऊस इतका दाट की समोर राखाडी पडदा, आभाळ कुठं संपतं आणि जमीन कुठं सुरू होते कळत नव्हतं. पायाखाली डांबर होतंच. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. मग गुडघ्याच्या खाली. तरी डांबर होतंच. पाण्याला ओढ नव्हती, ते नुसतं उभं होतं. वाहत्या पाण्याला आवाज असतो. याला नव्हता.

मग मला डावीकडं विजेचा खांब दिसला.

म्हणजे खांबाचं टोक. आडवी लोखंडी पट्टी, तिच्यावर चिनी मातीच्या तीन वाट्या आणि पट्टीवर पंख पसरून बसलेला पाणकावळा. हे सगळं माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. रस्त्यापासून फार तर पंधरा फुटांवर. मी त्या पक्ष्याच्या डोळ्यात पाहू शकत होते. खांबाच्या टोकावर बसलेल्या पक्ष्याच्या डोळ्यात माणसाला पाहता येत नाही. मला ते समजायला दोन-तीन पावलं लागली. खांब पाण्यात होता. खांबाएवढं पाणी होतं, आमच्या दोन्ही बाजूंना, आणि आम्ही त्याच्या मधून, कुठल्याशा भिंतीच्या माथ्यावरून चालावं तसे चाललो होतो.

नंतर कळलं, तो पाझर तलाव आहे. अकरा वर्षांपूर्वी झाला. म्हणूनच नवा रस्ता बांधाच्या पलीकडं, खालून काढला आणि जुना पाण्यात गेला. चाचा तोवर निवृत्त झाले होते. तलाव होताना त्यांनी पाहिला होता, रोज पाहत होते. फक्त त्या दिवशी त्यांच्या डोक्यात तो झालेला नव्हता.

"चाचा!" मी ओरडले. "चाचा, थांबा! गंधाली!"

गंधालीला पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. तिनं वळून पाहिलं, पण चाचांनी तिचं बोट घट्ट धरलेलं होतं आणि ते थांबत नव्हते. त्यांच्या आवाजात नुसता आनंद होता. "ही बघ, आली मोरी. हिचे दगड तुझ्या चाचीनं डोक्यावर आणले. बराबर बावीस पावलं. मोजते का? एक... दोन..."

स्वानंद धावायला लागला. गुडघाभर पाण्यात धावणं म्हणजे स्वप्नात धावणं. पाय उचलतो, पण माणूस पुढं जात नाही. मी हाका मारत होते आणि माझा आवाज पाण्यावरून परत येत होता, थोडा उशिरा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. चाचा मला ऐकत नव्हते. ते कुणाला तरी उत्तर देत होते. "आलो साहेब, आलो. सहा... सात..."

भार्गवी आमच्या पुढं होती, त्यांच्यापासून वीसएक पावलांवर. ती धावली नाही. मला वाटलं घाबरून थिजली. पण तिनं गळ्यातली ओढणी ओढून काढली. लाल होती ती, संकष्टीला म्हणून घातलेली. दोन्ही हातांत तिची टोकं धरून तिनं ती डोक्यावर उभी ताणली आणि घसा फुटेस्तोवर ओरडली, "काम चालू हाय! लालमियाँ, झेंडी! काम चालू हाय!"

तो त्यांच्या मुलखाचा हेल तिनं कुठून आणला, कोण जाणे. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही.

चाचा वळले. त्यांनी लाल पाहिलं आणि उचललेला पाय तसाच खाली ठेवला. गंधालीला त्यांनी आपल्या मागं घेतलं, रस्त्यावर गाडी येताना लेकराला घेतात तसं. "झेंडी कोण दाखवली?" ते म्हणाले. "पुढं काय हाय?"

तेवढ्यात स्वानंद पोचला. त्यानं गंधालीला उचललं. चाचांनी काठी पुढं टेकवली, आणखी एक पाऊल टाकायच्या जागी. काठी टेकली नाही. खाली जात राहिली. त्यांचा हात मनगटापर्यंत पाण्यात गेला, मग कोपरापर्यंत, तरी तळ नाही. मोरी केव्हाची वाहून गेली होती.

त्यांनी काठी बाहेर काढली आणि तिच्याकडं बघत राहिले. मग समोर पाहिलं, बाजूला पाहिलं. मी तोवर जवळ पोचले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला सांगता येत नाही. झोपेतून उठलेलं माणूस खोली ओळखतं, तसे ते तलाव ओळखत होते.

"बेटी," ते हळूच म्हणाले, "ह्ये पाणी कधीचंय?"

आम्ही परत फिरलो. स्वानंदच्या खांद्यावर गंधाली, चाचांचा एक हात भार्गवीच्या हातात आणि एक माझ्या. ते आता म्हातारे झाले होते. खरोखर म्हातारे, पाय ओढत चालणारे. जिथं आम्ही राजदूतसाठी बाजूला झालो होतो तिथं गंधालीनं बापाच्या कानात काहीतरी सांगितलं. मी नंतर विचारलं, काय म्हणाली? स्वानंद म्हणाला, "काही नाही. तिला आवाज आला होता म्हणते."

घरी आल्यावर चाचांनी चूल पुन्हा पेटवली. दाराबाहेर ओट्यावर तो कप तसाच होता, पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. स्वानंद टेम्पो बघायला गेला. आम्ही राजूरला गेलो नाही. नवस पुन्हा राहिला.

पोरी कपडे बदलत होत्या तेव्हा चाचा माझ्याजवळ आले. "साजिदला सांगू नको."

साजिद त्यांचा एकुलता मुलगा. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात आहे. तिकडंच तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, बायको महजबीन आणि दोन मुलं. शुक्रवारी बापाकडं येतो. चांगला मुलगा आहे.

"चाचा, असं कसं? पुन्हा झालं तर?"

"व्हत न्हाई. आज जरा ध्यान चुकलं. त्याला कळलं तर तो मला घेऊन जाईन. मी गेल्तो मागं चार दिवस. दाराला लोखंडी जाळी. खिडकीतनं खाली बघितलं तर रस्ता हाय, पण त्याच्यावर मला जायचं न्हाई. महजबीन लई करते माझं. पण कुलूप ते कुलूप." मग त्यांनी माझा हात धरला. "साहेबांची शपथ घे, बेटी."

मी घेतली.

त्यामागचं कारण मी स्वानंदलाही नीट सांगितलेलं नाही. बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत मीच त्यांना कुलूप लावत होते. ते आमच्याकडंच होते, याच घरात. ते दोनदा बाहेर गेले आणि सापडायला संध्याकाळ झाली, तेव्हा मी दाराला कुलूप लावायला लागले. नोकरीवर जाताना बाहेरून, घरी असताना आतून. पहिल्या महिन्यात ते दार वाजवायचे. नंतर दाराजवळ खुर्ची ओढून बसायचे. नंतर ते दाराकडं बघेनासे झाले, आणि मला वाटलं, चला, सवय झाली. तशी सवय झालेले बाबा मी सहा महिने पाहिले. म्हणून चाचा शपथ म्हणाले तेव्हा मी वाद घातला नाही.

त्या रात्री स्वानंद म्हणाला होता, "शपथ मोडल्यानं कुणी मरत नाही गं. पाण्यानं मरतं." मी म्हटलं, तुला नाही कळायचं.  त्यानं साजिदचा नंबर मागितला तर मी दिला नाही. सरपंचाला सांगूया म्हणाला, तर मी म्हटलं, सरपंचाला सांगणं म्हणजे साजिदलाच सांगणं. अकरा दिवस मी रोज चाचांना फोन केला. रोज ते नीट बोलले. जेवलो, नमाज झाली, मोसंबीचा भाव पडला, पोरी कशा हायेत. मी स्वतःला समजावत होते की ध्यान चुकलं होतं, एकदाच.

आज रात्री आठला त्यांचा फोन आला. त्यांनी केलेला. आजवर कधी त्यांनी फोन केला नव्हता, मीच करायची.

"बेटी, निरोप आल्ता साहेबांचा. उद्या पहाटं, फजरच्या नमाजनंतर चौदा नंबरचं काम हाय. दगड उचलायचे. रामप्रसाद बी येऊन राह्यला."

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. "चाचा, तिथं पाणी आहे. तुम्ही पाहिलंत ना, माझ्याबरोबर पाहिलंत."

"पाणी?" ते थोडे थांबले. मला वाटलं, आठवलं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, मी लहान असताना बोलायचे तसे, "पाणी असतंच मोरीला. मंग मोरी कशाला बांधली? तू निस्तं एक कर. त्या झेंडीवाल्या पोरीला ह्या वेळी पाठवू नको. काम अडतं. मी झेंडी बघणारच न्हाई, साहेबांना तसं सांगितलंय."

मागं कुणीतरी हसलं. रेडिओ असेल. चाचांकडं रेडिओ आहे की नाही, मला माहीत नाही.

मी खूप बोलले. उद्या जाऊ नका, मी येते, मी आल्यावर जाऊ. ते हो म्हणाले. त्या हो वर माझा विश्वास नाही. नंतर मी चारदा फोन लावला, उचलला नाही. स्वानंद म्हणाला, पहाटे चारला आपण दोघं निघू, मी गाडी काढतो. निघणारच आहोत. पण वाटेत कुठं पाणी नसेल कशावरून, आणि आम्ही पोचेपर्यंत चाचा घरात असतील कशावरून? आणि पोचून तरी काय? उद्या थांबवलं, परवा कोण थांबवणार? मी त्यांची कुणी नाही. त्यांचा हात धरून त्यांना घरी न्यायचा हक्क एकाच माणसाला आहे, आणि त्याला काहीच माहीत नाही. तो येत्या शुक्रवारी येईल, बापासाठी मटण घेऊन.

मी बाबांना विचारून पाहिलं. म्हणजे मनात. त्यांचा आवाज मला आता आठवत नाही, फक्त खोकला आठवतो. उत्तर मिळालं नाही. चाचांना मिळतं, मला मिळत नाही.

साजिदकडं बाईक आहे. सकाळपाळी असली तर तो आत्ता झोपलेला असेल. रात्रपाळी असली तर फोन खोलीवर असेल, कारखान्यात नेऊ देत नाहीत, आणि महजबीन उचलेल. कुणीही उचललं तरी सगळं सांगायचं. तलाव, काठी, आजचा फोन. मी शपथ घेतली होती आणि मोडली, हेही सांगायचं, म्हणजे चाचा उद्या माझ्यावर रागावतील तेव्हा ते का, हे साजिदला कळेल. आणि कुलुपाचंही सांगायचं. त्यांना रोज सकाळी बोट धरून खाली रस्त्यावर ने, कितीही घाई असू दे, तासभर. मी ते केलं नव्हतं. तुला मी सांगतेय म्हणून तू कर.

एक वाजून चाळीस मिनिटं. लावते.